नाममुद्रा आणि ध्वनिमुद्रिका

अभंगाच्या शेवटच्या चरणात कवी आपले नाव गुंफतो, ही रीत आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे की तिच्यामागील योजना सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. नामदेव, जनाबाई, चोखामेळा, एकनाथ, तुकाराम या सर्वांनी ती पाळली. छापखाना नव्हता, वह्या थोड्या होत्या आणि गाणाऱ्यांपैकी बहुतेकांची अक्षरांशी ओळख नव्हती, अशा काळी पद एका मुखातून दुसऱ्या मुखात आणि एका गावातून दुसऱ्या गावात जाई. वाटेत चाल बदले, एखादा शब्द बदले, क्वचित एखादे कडवेही गळून पडे; परंतु कर्त्याचे नाव पदाच्या आतच ओवलेले असल्यामुळे ते पदाबरोबर चालत राही. या नावाला आपल्याकडे नाममुद्रा म्हणतात.

चित्रपटासाठी रचलेल्या गीताला अशी नाममुद्रा नसते. ते पात्राच्या तोंडी घातलेले असते. त्यात कवीने स्वतःचे नाव घालणे रसभंगाचे होईल. म्हणून गीताच्या कर्त्याचे नाव पडद्यावर क्षणभर झळके आणि मग राहिलेच तर ते तबकडीच्या मध्यावर चिकटवलेल्या वाटोळ्या कागदावर राही. मराठीने या तबकडीला ‘ध्वनिमुद्रिका’ असे नाव दिले. शब्द घडवणाऱ्यांच्या मनात अभंगाची नाममुद्रा असेल असे नाही. तरी या दोन शब्दांचे नाते मोठे अर्थपूर्ण आहे. जुन्या पदात जे काम शेवटचा चरण करी, ते नव्या गीताच्या बाबतीत या कागदाच्या चकतीकडे आले. ते काम तिने कसे केले, आणि ती गेल्यावर ते कोणाकडे गेले, याचा थोडा इतिहास येथे पाहावयाचा आहे. तो मुंबई-पुण्याच्या सज्जातून न पाहता मराठीच्या शिवेवरच्या वांकिडीसारख्या गावाकडून पाहावा असे वाटते. कारण गीताबरोबर नाव टिकते की नाही याची खरी परीक्षा शिवेवरच होते.

वांकिडी हे राजुऱ्याहून आसिफाबादेकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे गाव. १९४८ पर्यंत ते निजामाच्या राज्यात होते. दरबारची भाषा उर्दू होती. १९५६ साली भाषावार प्रांतरचना झाली तेव्हा आदिलाबाद जिल्ह्यातले राजुरा आणि किनवट हे भाग मुंबई राज्याकडे गेले. वांकिडी मात्र आंध्र प्रदेशात राहिली. २०१४ साली तेलंगण राज्य झाले आणि २०१६ साली आदिलाबाद जिल्ह्याचे विभाजन होऊन हा भाग कुमुरम भीम आसिफाबाद या नव्या जिल्ह्यात आला. माणसे आपापल्या घरीच राहिली. त्यांच्या डोक्यावरील राज्याचे नाव तेवढे पुनःपुन्हा बदलले. या मुलखात घरी मराठी, कचेरीत तेलुगू आणि डोंगरपट्टीत गोंडी व कोलामी असा भाषांचा शेजार आजही नांदतो.

याच मुलखात नाव राखण्याची एक फार जुनी विद्या आहे. राज गोंडांचे परंपरागत गायक जे प्रधान, ते किंगरीच्या सुरावर आपल्या यजमानांच्या कुळांच्या उत्पत्तीच्या गाथा गातात. ख्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हाइमेनडॉर्फ या मानववंशशास्त्रज्ञाने १९४० नंतरच्या दशकात येथे राहून या समाजाचा अभ्यास केला आणि १९४८ साली आदिलाबादच्या राज गोंडांवर ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याने एक मार्मिक गोष्ट नोंदवली आहे: या प्रधानांची घरची बोली मराठी, आणि गाथा मात्र गोंडी. म्हणजे मराठी बोलणारा गायक दुसऱ्या भाषेतील देवांची, पूर्वजांची आणि कुळांची नावे पिढ्यान्पिढ्या मुखोद्गत करून राखीत आला. कोणते गाणे कोणाचे, हे विसरणारा प्रधान आपल्या व्यवसायालाच मुकेल. हा दाखला मनाशी ठेवून तबकडीकडे वळू.

आपल्या देशात ध्वनिमुद्रण रुजले ते १९०२ साली कोलकात्यात. त्या वर्षी गौहरजानचे गाणे मुद्रित झाले. तीन मिनिटांच्या आत ख्याल किंवा ठुमरी आटोपून शेवटी ती स्पष्ट शब्दांत आपले नाव उच्चारी. तबकड्या तेव्हा जर्मनीत हॅनोव्हर येथे तयार होत. तेथील कारागिरांना हिंदुस्थानी गाणे ओळखणे शक्य नव्हते, तेव्हा योग्य तबकडीवर योग्य नाव चिकटावे म्हणून ही युक्ती. कारण व्यावहारिक होते खरे; पण अभंगकाराने शेवटच्या चरणात जे केले तेच या गायिकेने यंत्रापुढे केले. १९०८ साली कोलकात्यालाच तबकड्यांचा कारखाना निघाला आणि हळूहळू मुखाने नाव सांगण्याची ही प्रथा मागे पडली. नाव आता कागदावर आले. ज्याला वाचता येते त्यालाच ते कळणार, हा फरक त्या वेळी कोणाला फारसा जाणवला नसावा.

मराठी बोलपट आला तो १९३२ साली, प्रभातच्या ‘अयोध्येचा राजा’ने. त्याचे संगीत गोविंदराव टेंब्यांचे. हरिश्चंद्राची भूमिकाही त्यांचीच. पुढल्या वर्षांत बोलपटांची गाणी तबकड्यांवर येऊ लागली. ही तबकडी लाखेची, म्हणजे आपल्याच अरण्यांत पळस-कुसुमांवर पोसणाऱ्या किड्यांनी दिलेल्या लाखेची केलेली असे. मिनिटाला ७८ फेरे घेई आणि एका बाजूस सुमारे तीन मिनिटे वाजे. पडद्यावरचे गाणे तीन मिनिटांत बसावे म्हणून पुष्कळदा ते तबकडीसाठी पुन्हा गाऊन घेत. त्यामुळे पडद्यावरील गाणे आणि तबकडीवरील गाणे ही दोन सख्खी पण निराळी भावंडे असत. चित्रपट गावात येई, आठवडा-दोन आठवडे राही आणि निघून जाई. जेथे चित्रपटगृहच नव्हते तेथे तो येतही नसे. तबकडी मात्र लग्नाच्या मांडवात, जत्रेत, उत्सवात कर्ण्यावरून वाजे. ज्यांनी चित्रपट कधी पाहिला नाही अशांच्याही तोंडी त्यातले गाणे बसे, ते या तबकडीच्या कृपेने.

१९३६ सालचा ‘संत तुकाराम’ हे याचे सर्वांत मोठे उदाहरण होय. दामले आणि फत्तेलाल यांचे दिग्दर्शन, केशवराव भोळे यांचे संगीत आणि विष्णुपंत पागनिसांचा तुकाराम. १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात या चित्रपटाचा गौरव झाला. पण त्याहून मोठा गौरव घरोघरच्या भिंतींवर झाला. तुकोबांची म्हणून जी तसबीर पुष्कळ घरांत लागली तिच्यात पागनिसांचा चेहरा उतरलेला आढळतो. या चित्रपटात तुकोबांचे मूळ अभंग आहेतच. त्यांच्या जोडीला कवी शांताराम आठवले यांनी काही पदे नव्याने रचली. त्यांतले बीज आणि वृक्ष यांच्या रूपकावर उभे असलेले पद इतके अभंगाच्या वळणाचे साधले की चांगल्या जाणत्यांनीही ते तुकोबांचेच मानले. गाथ्यात ते का सापडत नाही, असा प्रश्न पडलेली मंडळी काही थोडी नव्हती. आजही देवळांच्या भजनांत हे पद तुकोबांच्या नावावर म्हटले जाते.

आठवल्यांच्या दृष्टीने पाहिले तर कवीला याहून मोठी पावती कोणती? आपली रचना लोकांनी तुकोबांची समजावी यात धन्यता आहेच. परंतु या घटनेची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. तुकोबांच्या गाथ्याची शुद्धता हा आपल्याकडे श्रद्धेचा विषय आहे. कोणते अभंग प्रक्षिप्त आणि कोणते अस्सल, यावर विद्वानांनी आयुष्ये वेचली. आणि या विसाव्या शतकात, छापखाने, वृत्तपत्रे, तबकड्या सर्व काही असताना, आपल्या देखत एक नवे पद गाथ्याच्या उंबरठ्यावर येऊन बसले. जुन्या काळी प्रक्षेप कसे झाले असतील याचे एवढे प्रत्यक्ष उदाहरण दुसरे मिळणे कठीण. नाममुद्रा सुटली की थोर नावाकडे गीत आपोआप ओढले जाते, आणि धाकटे नाव मावळते. लबाडी कोणाचीच नसते. ओढ तेवढी असते.

याच्या उलट उदाहरणही आहे, आणि तेही तितकेच रमणीय आहे. १९५१ साली व्ही. शांताराम यांनी ‘अमर भूपाळी’ काढला. पेशवाईतील शाहीर होनाजी बाळा याची ही कथा. घरोघरी पहाटे म्हटली जाणारी श्रीकृष्णाची भूपाळी होनाजीची, हे त्या चित्रपटाने सामान्य माणसाच्या मनावर ठसवले. जे गाणे केवळ पहाटेचे म्हणून लोकांच्या ओठांवर होते, त्याला त्याचा कर्ता परत मिळाला. तमाशाच्या फडावर उभा राहणारा शाहीर देवघरात ऐकू येतो, हे मान्य करायला समाजाला काही वेळ लागला असेल. पण पंडितराव नगरकर आणि लता मंगेशकर यांच्या स्वरांनी ते काम सोपे केले. संगीत होते वसंत देसाई यांचे. देसाई कुडाळ परिसरातले, दशावताराच्या आणि भजनांच्या मुलखातले; कोकणातल्या देवळांतील स्वर त्यांच्या चालींत ऐकू येतात असे म्हणणाऱ्याला खोडून काढणे कठीण. १९५३ सालच्या ‘श्यामची आई’चे संगीतही त्यांचेच.

येथे आपोआपच कोकण आणि गोवा यांच्याकडे लक्ष जाते. चित्रपटगीताची गंगा पाहावयाची तर तिचे एक उगमस्थान देवळाच्या सभामंडपातच सापडते. मास्टर दीनानाथांचा जन्म १९०० साली मंगेशीचा. गावाचे आणि देवाचे नावच त्यांच्या घराण्याने आडनाव म्हणून लावले. देवळाच्या अंगणात जोपासलेले गाणे नाटकाच्या रंगभूमीवर गेले, तेथून पुढल्या पिढीत ध्वनिमुद्रणालयात गेले आणि तबकडीवर बसून पुन्हा देवळांत परतले. हा फेरा पूर्ण झाल्याचे एक ठळक उदाहरण १९७५ साली दिसले. ‘जय संतोषी माँ’ या हिंदी चित्रपटाची गीते कवी प्रदीप यांची, संगीत सी. अर्जुन यांचे; त्यातली आरती उषा मंगेशकर यांनी गायिली. चित्रपटासाठी रचलेली ही आरती देशभर देवीपुढे खरोखरीच म्हटली जाऊ लागली. पडद्यावरच्या पूजेतून निघालेले गाणे प्रत्यक्ष पूजेत गेले, आणि म्हणणाऱ्यांपैकी कितीकांना प्रदीप किंवा अर्जुन ही नावे ठाऊक होती, हे ज्याने त्याने आपल्या मनाला विचारावे. १९७९ सालच्या ‘अष्टविनायक’ या मराठी चित्रपटाचेही असेच झाले. आठही गणपतींचे वर्णन करणारे गीत जगदीश खेबुडकरांचे, संगीत अनिल-अरुण यांचे. त्याच चित्रपटातील गणेशवंदना शांताराम नांदगावकरांची, आणि ती गायिली वसंतराव देशपांडे आणि अनुराधा पौडवाल यांनी. गणेशोत्सवात ही गाणी वाजली नाहीत असा मांडव महाराष्ट्रात शोधावा लागेल.

गोव्याची दुसरी देणगी अधिक मूक आहे. चर्चच्या संगीतशाळांत पाश्चात्त्य स्वरलेखन शिकलेले गोमंतकीय वादक मुंबईत आले आणि चित्रपटांच्या वाद्यवृंदाचा कणा बनले. संगीतकाराने गुणगुणलेली चाल कागदावर उतरवणे, कोणते वाद्य कोठे बोलेल हे ठरवणे, हे काम त्यांचे. सेबॅस्टियन डिसोझा, माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस, कुडचड्याचे फ्रँक फर्नांड ही त्यांतली काही नावे. तबकडीच्या कागदावर यांना जागा नव्हती. गोन्साल्विस हे प्यारेलाल यांचे व्हायोलिनचे गुरू. शिष्याने १९७७ साली ‘अमर अकबर अँथनी’तील एका गाण्यात गुरूचे नाव गुंफले, आणि त्यामुळे ज्या माणसाचे नाव कोणत्याही चकतीवर छापले जात नव्हते ते साऱ्या देशाच्या तोंडी झाले. नाव गीताच्या आत ओवण्याची जुनी रीत येथे पुन्हा उपयोगी पडली, यात मौज आहे आणि थोडे दुःखही आहे.

फ्रँक फर्नांड यांनी मात्र आपल्या भाषेत आपले नाव स्वतःच उमटवले. कोंकणीतला पहिला बोलपट ‘मोगाचो आंवडो’ १९५० साली आला होता; त्यानंतर, गोवा मुक्त झाल्यावर दोन वर्षांच्या आत, १९६३ साली फर्नांड यांनी ‘आमचें नशीब’ काढला आणि १९६६ साली ‘निर्मोण’. इंग्रज कवी टेनिसन याच्या ‘एनॉक आर्डेन’ या काव्याच्या कथेवर बेतलेला ‘निर्मोण’ इतका नावाजला की १९६७ साली ‘तकदीर’ या नावाने त्याचा हिंदी अवतार झाला. कोंकणी चित्रपटांची संख्या अगदी थोडी. पण त्यांतली गाणी मुंबईत, आखातात, जेथे जेथे गोमंतकीय गेला तेथे तेथे त्याच्या बरोबर गेली. ज्या भाषेची स्वतःची राजवट नव्हती, शाळा थोड्या होत्या आणि लिपीविषयी एकमत नव्हते, तिला गाण्याने एकत्र ठेवले. वांकिडीच्या मराठी माणसाला ही गोष्ट समजावून सांगण्याची गरज नाही.

नावाच्या इतिहासातील एक प्रसंग येथे सांगितलाच पाहिजे. १९४९ साली ‘महल’ चित्रपटाची तबकडी आली. त्यातले गाजलेले गाणे लता मंगेशकरांनी गायिले होते. परंतु चकतीवर गायिका म्हणून नाव होते ‘कामिनी’, म्हणजे चित्रपटातील पात्राचे! त्या काळी ही पद्धतच होती. ज्यांच्या स्वराने सारा देश भारला त्यांच्या नावाची चकतीवर नोंद नव्हती. पुढे ही पद्धत बदलली आणि पार्श्वगायकाचे नाव तबकडीवर व आकाशवाणीवर येऊ लागले. १९५७ साली विविध भारती सुरू झाली. तिच्या निवेदकांनी गाण्यापूर्वी किंवा गाण्यानंतर चित्रपट, गायक, गीतकार आणि संगीतकार यांची नावे सांगण्याचा परिपाठ ठेवला. या परिपाठाचे मोल शहरात कदाचित कळणार नाही. ज्या घरात तबकडी नाही, चकती वाचण्याइतके अक्षरज्ञान नाही, किंवा अक्षरज्ञान आहे पण ते दुसऱ्या लिपीचे आहे, त्या घरात ही नावे कानांवाटे गेली. गौहरजानने शेवटी उच्चारलेले नाव अर्ध्या शतकानंतर निवेदकाच्या मुखाने परत आले.

यानंतरचा काळ दीर्घवादन तबकडीचा, जिला सर्वजण ‘एलपी’ म्हणत. मिनिटाला तेहतीस आणि एक तृतीयांश फेरे घेणारी ही तबकडी एका बाजूला वीस मिनिटे आणि त्याहून अधिक वाजे. एकेकट्या गाण्याऐवजी साऱ्या चित्रपटाचे संगीत एका क्रमाने घरी आणणे तिने शक्य केले. असे क्रमाने ऐकण्याची गोडी मराठी घरांना आधी लागली होती ती गीतरामायणाने. १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीला, पुणे आकाशवाणीवर ग. दि. माडगूळकर आणि सुधीर फडके यांच्या या ५६ गीतांच्या मालेला प्रारंभ झाला आणि वर्षभर दर आठवड्यास एक गीत ऐकवले गेले. ती चित्रपटाची नव्हे, नभोवाणीची निर्मिती. पण १९६५ साली तिचा दहा तबकड्यांचा संच फडक्यांच्या आवाजात निघाला, आणि पुढे तिची भाषांतरे कोंकणीत झाली तशी तेलुगूतही झाली. शिवेच्या दोन्ही बाजूंस एकच रामकथा एकाच चालींवर गाता येऊ लागली. रचनाकारांची नावे या मालेपासून कधीच सुटली नाहीत, याचे एक कारण असे की ती तुकड्यातुकड्यांनी न पसरता ग्रंथासारखी अखंड पसरली.

चित्रपटसंगीताच्या संचाने हेच साधल्याचे मराठीतील उत्तम उदाहरण म्हणजे १९७७ सालचा ‘जैत रे जैत’. मूळ कादंबरी गो. नी. दांडेकरांची, दिग्दर्शन जब्बार पटेल यांचे, निर्मिती उषा मंगेशकर यांची, संगीत हृदयनाथ मंगेशकर यांचे आणि गीते अजिंठ्याजवळच्या पळसखेड्याचे शेतकरी कवी ना. धों. महानोर यांची. ठाकर समाजातला ढोल वाजवणारा नाग्या, त्याची चिंधी, मधाच्या पोळ्यांनी लगडलेला लिंगोबाचा डोंगर आणि त्या माश्यांशी नाग्याने मांडलेले वैर, अशी ही कथा. येथे गाणे कथेच्या अधूनमधून येत नाही. कथाच गाण्यांतून चालते. म्हणून तबकडी पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकणाऱ्याला चित्रपट न पाहताही डोंगर दिसतो. या चित्रपटाला निष्ठावंत रसिकांचा एक पंथ लाभला, आणि त्या पंथात पडदा पाहिलेल्यांपेक्षा तबकडी ऐकलेले अधिक असावेत. आदिलाबादच्या डोंगरांतील श्रोत्याला तर त्यातला ढोल आणि मोहाच्या झाडांची हवा परकी वाटणार नाही. गोंडांच्या गाथांचा आदिनायकही लिंगो. नामसाम्यावरून नाते जोडण्याचा मोह टाळावा हे खरे, परंतु ते नाव कानी पडताच येथला माणूस मान वर करील यात नवल नाही. महानोर २०२३ साली निवर्तले. त्यांच्या कवितासंग्रहांपर्यंत जे कधी पोहोचले नसते अशा असंख्यांना महानोर हे नाव ठाऊक झाले ते या तबकडीच्या वेष्टनामुळे. वेष्टन हातभर मोठे. त्यावर कवी, संगीतकार, गायक, गायिका यांची नावे ठळक छापलेली. गाणे ऐकता ऐकता ते वाचायचे, ही त्या काळच्या ऐकण्याची रीतच होती.

मग ध्वनिफीत आली. १९८० नंतरच्या दशकात ती स्वस्त झाली आणि खेड्यापाड्यांत पोहोचली. तिची डबी तळहाताएवढी, कागद त्याहून लहान. नावे त्यावर होती, पण बारीक अक्षरांत. एका फितीवरून दुसरी भरून घेणे सोपे झाले आणि अशा भरलेल्या फितीवर पेनाने एवढेच लिहिलेले असे: ‘भजने’ किंवा ‘देवीची गाणी’. नावांची पहिली मोठी गळती येथे झाली. याच दशकात दूरचित्रवाणीने घरातला देव्हाऱ्याशेजारचा कोपरा पटकावला. रामानंद सागरांची ‘रामायण’ मालिका २५ जानेवारी १९८७ पासून दर रविवारी सकाळी दिसू लागली. तिचे संगीत रवींद्र जैन यांचे. पाठोपाठ १९८८ ते १९९० या काळात ‘महाभारत’ आले. संगीत राजकमल यांचे, शीर्षकगीताचा स्वर महेंद्र कपूर यांचा. १९८८ सालच्या श्याम बेनेगलांच्या ‘भारत एक खोज’साठी वनराज भाटिया यांनी ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील नासदीय सूक्ताला स्वरसाज चढवला. सृष्टीपूर्वीच्या अंधाराविषयीचे ते प्राचीन प्रश्न दर आठवड्यास घरोघरी घुमले, आणि ज्यांनी वेद कधी ऐकला नव्हता त्यांच्याही ते स्मरणात राहिले.

‘रामायणा’तल्या चौपायांच्या फिती देवळांत सकाळी लावल्या जात. २०२० साली टाळेबंदीत ही मालिका पुन्हा दाखवली तेव्हा तीस वर्षांपूर्वीचे प्रेक्षक आपल्या नातवंडांसह बसले, आणि संगीत सुरू होताच पुढली ओळ त्यांना आपोआप आठवली. पण रवींद्र जैन हे नाव किती जणांना आठवले? मुंबई दूरदर्शनच्या ‘गोट्या’ या बालमालिकेचे शीर्षकगीत पुष्कळ मराठी माणसांना अजून तोंडपाठ आहे. तेही बीजाचे, मातीच्या कुशीत अंकुरणाऱ्या बीजाचे गीत आहे. ते मधुकर आरकडे यांचे आणि चाल अशोक पत्कींची, हे सांगणारे थोडे. १९३६ सालच्या बीजाची आणि या बीजाची गत शेवटी एकच झाली: झाड वाढले, लावणाऱ्याचे नाव राहिले नाही.

आता तर तबकडी नाही, फीत नाही, वेष्टन नाही. भ्रमणध्वनीच्या काचेवर गाणे क्षणात येते. हे वरदानच आहे. वांकिडीच्या घरात बसून आज प्रभातचे गाणे ऐकता येते, जे एके काळी आसिफाबादेलाही सहज मिळाले नसते. परंतु तेथे नाव द्यायचे की नाही, हे गाणे चढवणाऱ्याच्या मर्जीवर असते. एकाच पदावर तीन ठिकाणी तीन कवींची नावे आढळतात, आणि चौथ्या ठिकाणी ‘पारंपरिक’ असा शिक्का. जिवंत कवीची रचना पारंपरिक ठरण्यास आता दोन पिढ्याही लागत नाहीत.

शिवेवरच्या मराठीला या गळतीची झळ अधिक लागते, त्याचे कारण स्पष्ट आहे. जेथे मराठी शाळा, ग्रंथालये, वृत्तपत्रे सर्व काही आहे तेथे एक नाव सुटले तर ते दुसरीकडे सापडेल. जेथे मराठी मुख्यतः घरातल्या बोलण्यावर आणि देवळातल्या गाण्यावर उभी आहे, तेथे गाणे हाच ग्रंथ होय. ज्या मुलाचे शिक्षण तेलुगूत झाले तो आजीकडून ऐकलेले मराठी पद तेलुगू अक्षरांत उतरवून घेईल. त्यात वावगे काही नाही, उलट ते कौतुकाचेच आहे. पण त्या पदाखाली आठवल्यांचे नाव नसेल, तर त्याला कधीही कळणार नाही की आपल्या आजीच्या भाषेत तुकोबांनंतर तीनशे वर्षांनीही असे पद लिहिणारा कवी झाला होता. भाषेचा शेवटचा मोठा माणूस सतराव्या शतकात होऊन गेला, अशी त्याची समजूत होईल. भाषा मेली असे कोणी म्हणत नाही. ती पूर्वी जिवंत होती, असे मात्र अशा वेळी वाटू लागते.

यावर उपाय अवघड नाही, आणि तो सरकारच्या हातचा नाही. प्रत्येक देवळाच्या भजनी मंडळीकडे पदांची वही असते. त्या वहीत ज्ञानोबा-तुकोबांची पदे नाममुद्रेसह असतातच. चित्रपटांतून आणि मालिकांतून आलेली जी पदे आपण आवडीने म्हणतो, त्यांच्याखाली कवी, संगीतकार आणि चित्रपट वा मालिका यांची नावे आणि वर्ष एवढी एक ओळ लिहावी. जुन्या तबकड्या ज्यांच्या घरी माळ्यावर पडल्या असतील त्यांनी त्या वाजत नाहीत म्हणून टाकून देण्यापूर्वी मधल्या चकतीवरची अक्षरे उतरवून घ्यावीत; वेष्टने जपावीत. कोंकणी गीतांच्या बाबतीत तर हे काम अधिक तातडीचे आहे. कारण तेथे तबकड्याच थोड्या निघाल्या. आणि भजनापूर्वी एखाद्याने उभे राहून पद कोणाचे हे मोठ्याने सांगावे, म्हणजे ज्यांना वाचता येत नाही त्यांच्याही कानी ते पडेल. प्रधानाने यजमानाच्या पूर्वजांसाठी जे केले, गौहरजानने स्वतःसाठी केले, विविध भारतीच्या निवेदकाने साऱ्या देशासाठी केले, ते आपल्या गावच्या देवळात करण्यास किती वेळ लागणार? वही मराठी अक्षरांत असो, तेलुगू अक्षरांत असो किंवा रोमीत असो; पदाखालचे नाव वाचणाऱ्याला मिळाले म्हणजे झाले.